निदानाआधी खरेदी नको

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे अहवाल, सोसायट्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा आणि पावसाळा सरता सरता एखादा दिवाळी अंक, हे आमचं काम. ऐन हंगामात दोन मशीन एकदमच कुरकुरायला लागली. एक इतकं संथ, की सुरू करून चहा घेऊन आलं तरी पडद्यावर गोल फिरतच असे. दुसरं काम चालू असताना अचानक बंद पडायचं. मशीन नेहमी पाहणाऱ्या माणसाने दोन्हींवर एकच निकाल दिला, ‘जुनी झालीत, नवीन घ्या,’ आणि कोटेशन हातात ठेवलं.

‘जुनं झालं’ हे निदान नव्हे. संथ मशीन आणि बंद पडणारं मशीन यांचे आजार वेगळे असतात, औषधंही वेगळी. दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं, तेव्हा हे माझ्यासमोरच स्पष्ट झालं.

संथ मशीन चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं. रॅम चार जीबी, विंडोज 10, आणि डिस्क जुनी, फिरणाऱ्या तबकडीची. तंत्रज्ञाने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत होता, रॅम बऱ्यापैकी भरलेली होती, पण डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवरून हलत नव्हता. म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसला होता. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं टोक योग्य जागी सरकावं लागतं. आमच्यासारख्या ठिकाणी शेकडो फाँट आणि हजारो बारीक फायली असतात. त्या वाचताना सगळा वेळ या सरकण्यातच जातो. एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नाही. सलग वाचनाचा तिचा वेग हार्ड डिस्कच्या तीन-चार पट तरी असतोच, पण विखुरलेल्या लहान फायलींच्या बाबतीत फरक याहून कितीतरी मोठा. बॅकअप घेतला, एसएसडी बसवली, रॅम वाढवून आठ जीबी केली, आणि ते मशीन आजही कामाला आहे.

दुसऱ्याचं झाकण उघडलं, तर मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांचे माथे फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. बोर्ड गेला होता. त्या जातीचा नवा बोर्ड आता निघत नाही आणि जुना वापरलेला घ्यायचा तर भरवसा नाही. आजचा बोर्ड घ्यायचा तर प्रोसेसर बदलावा लागतो, आणि जुनी डीडीआर-थ्री रॅम नव्या बोर्डात बसत नाही. एका भागापासून सुरुवात केली की साखळी पूर्ण मशीनपर्यंत जाते. तिथे नवं घेणंच रास्त होतं आणि ते घेतलं.

खरी अडचण त्यानंतर आली. मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरला लॉक होतं, तेही पॅरलल पोर्टला लावायचं. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. यूएसबीचे अॅडॉप्टर मिळतात, पण ते प्रिंटरपुरते असतात. त्यांच्यामार्फत लॉक ओळखलं जात नाही. जुनी सगळी कामं पेजमेकरमध्ये होती. 2001 साली आलेल्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर पुढे गेलंच नाही, आणि त्याला युनिकोड कळत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात आणि मुद्रितशोधन पहिल्यापासून करावं लागतं. शाळेचा मागच्या वर्षीचा अहवाल ‘थोडा बदलून द्या’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हे कसं सांगणार? यातला एक रुपयाही कोटेशनमध्ये नव्हता.

वाट निघाली ती संथ म्हणून टाकून द्यायच्या मशीनमुळेच. त्याच्या बोर्डावर पॅरलल पोर्ट होता. लॉक तिकडे लावलं, जुन्या फायली तिकडेच उघडतात. मात्र त्याचं इंटरनेट काढून टाकलं आहे. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही. मेल, ऑनलाइन व्यवहार आणि युनिकोडमधलं नवं काम नव्या मशीनवर चालतं.

यातून जे हाती लागलं, ते सांगतो.

आधी आजार ओळखा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल तर एसएसडी. मेमरी भरलेली असेल तर रॅम. प्रोसेसरच कायम पूर्ण क्षमतेने धावत असेल, तर या दोन्हींनी फारसा फरक पडणार नाही. मशीन अचानक बंद पडत असेल तर आधी धूळ, पंखा आणि पॉवर सप्लाय तपासून घ्या.

मग प्रोसेसरची पिढी पाहा. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन 2000 मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0. हे असेल तर जुन्या मशीनवर खर्च करायला हरकत नाही. नसेल, तर ते इंटरनेटशिवायच्या कामाला ठेवा किंवा त्यावर लिनक्स टाका. मुलांचा अभ्यास, ब्राउझिंग, मराठी युनिकोड टायपिंग लिनक्सवर नीट होतं. पेजमेकर आणि लॉकवाली सॉफ्टवेअरं तिथे चालतील असं धरून चालू नका.

खर्चाचा माझा नियम साधा आहे. दुरुस्ती नव्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशात बसत असेल तर करावी. निम्म्यावर गेली तर थांबावं. पैसे आधी अशा भागात घालावेत, जो पुढच्या मशीनलाही लावता येईल. एसएसडी आणि मॉनिटर पुढे जातात, डीडीआर-थ्री रॅम जात नाही. लॅपटॉप असेल तर रॅम बदलता येते का, हे आधी विचारा. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डकवलेली असते.

नवं घ्यायचं ठरलं, तर आधी कागदावर यादी करा: कोणती सॉफ्टवेअरं, त्यांची लायसन्सं आणि लॉक, प्रिंटर, स्कॅनर, जुन्या फायलींचे प्रकार. यातलं नव्यावर काय चालणार नाही, ते विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी लिहून घ्या. सगळं सुरळीत चालेपर्यंत जुनं मशीन मोडीत देऊ नका. द्याल तेव्हा डिस्क काढून घ्या. तिच्यात आपलाच नव्हे, गिऱ्हाइकांचाही मजकूर असतो. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

आणि ‘जुनं झालं, नवीन घ्या’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: नेमका कोणता भाग बिघडलाय, तो मला दाखवा. तो दाखवता आला नाही, तर पैसे काढू नका. दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलवा.