पहिला मायक्रोफोन घेताना

माझ्याजवळ एकाच बाईच्या आवाजाची दोन ध्वनिमुद्रणे आहेत. बाई म्हणजे माझी आत्या. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. पहिले ध्वनिमुद्रण मी केले. त्यासाठी चांगला महागातला कंडेन्सर मायक्रोफोन विकत आणला, तो दिवाणखान्याच्या मधोमध स्टँडवर उभा केला आणि समोर मीटरभर अंतरावर आत्याला बसवले. मे महिना, त्यामुळे पंखा चालू. दुसरे ध्वनिमुद्रण माझ्या भाच्याने केले. धान्याच्या कोठीत, पोत्यांच्या आणि गाद्यांच्या गर्दीत आत्या बसली होती आणि त्याने खिशातला मोबाइल तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला होता. आज आत्या नाही. माझे ध्वनिमुद्रण लावले की पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि विहिरीतून आल्यासारखा घुमणारा आवाज ऐकू येतो. ओव्यांचे शब्द अर्धेच लागतात. भाच्याच्या ध्वनिमुद्रणात मात्र तिने दोन ओळींमध्ये घेतलेला श्वासदेखील ऐकू येतो.

असे का व्हावे? घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचे आहे, कोणता माईक घेऊ, असे विचारणारे विद्यार्थी हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी मी हा प्रश्न आधी सोडवायला सांगतो.

प्रथम मायक्रोफोनचे काम पाहू. आपण बोलतो तेव्हा हवेच्या दाबात लहानसे चढउतार होतात. किती लहान? वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. मीटरभर अंतरावरच्या माणसाच्या साध्या बोलण्याने त्यात जेमतेम ०.०२ पास्कलचा फरक पडतो, म्हणजे मूळ दाबाचा पन्नास लाखावा भाग! एवढ्याशा फरकाने मायक्रोफोनमधला पातळ पडदा हलतो, आणि त्या हालचालीचे विद्युत् दाबात रूपांतर होते. हे रूपांतर करण्याच्या दोन रीती बाजारात मुख्यत्वे आढळतात.

पहिली रीत तुमच्या पाठ्यपुस्तकातलीच आहे. पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या फटीत हलते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. हा झाला डायनॅमिक मायक्रोफोन. याला बॅटरी लागत नाही. गंमत अशी, की लाउडस्पीकरची रचनाही हीच आहे, फक्त काम उलट. संगणकाच्या मागे गुलाबी रंगाचे माईकचे छिद्र असेल तर त्यात जुना इअरफोन खुपसून त्यात बोलून पाहा. आवाज क्षीण येईल, पण येईल.

दुसरी रीत धारित्राची. धातूचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागे केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर एक पट्टिका. दोघांवर विद्युत् भार ठेवलेला असतो. पडदा हलला की अंतर बदलते, धारकता बदलते आणि विद्युत् दाबही बदलतो. हा कंडेन्सर मायक्रोफोन अमेरिकेत वेंट यांनी १९१६ साली तयार केला. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते. स्टुडिओत ती ४८ व्होल्टची असते आणि आवाजाच्याच तारेतून येते. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट यांनी कायम भारित राहणारा पडदा वापरून हा मायक्रोफोन स्वस्त आणि चिमुकला केला. त्याला इलेक्ट्रेट म्हणतात. आजच्या मोबाइलमध्ये सिलिकॉनवर कोरलेला जो कणभर मायक्रोफोन असतो, तोही बहुधा धारित्राच्याच तत्त्वावर चालतो.

आता तुमच्या लक्षात आले का? माझा माईक कंडेन्सर आणि भाच्याच्या मोबाइलमधलाही त्याच कुळातला. तेव्हा फरक जातीचा नव्हता. मग कशाचा होता?

दुकानदार तुम्हाला सांगेल, ‘कंडेन्सर फार संवेदनक्षम असतो, तो पंखा ओढतो, डायनॅमिक घ्या, तो पंखा ओढत नाही.’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपण हिशेबच करू. समजा, कंडेन्सर एका पास्कलला १६ मिलिव्होल्ट देतो आणि डायनॅमिक २ मिलिव्होल्ट. बोलणारा मीटरभर अंतरावर आहे, म्हणजे दाब ०.०२ पास्कल. कंडेन्सरमधून ०.३२ मिलिव्होल्ट मिळतील आणि डायनॅमिकमधून ०.०४. बोलण्याचा आवाज कंडेन्सरमध्ये आठपट मोठा, हे खरे. पण त्याच जागी पंख्याचा आवाजही आठपटच मोठा येणार! म्हणजे बोलणे आणि पंखा यांचे गुणोत्तर दोन्हींत सारखेच राहिले. मायक्रोफोनला आत्या कोण आणि पंखा कोण हे कळत नाही.

आता डायनॅमिक माईक बोलणाऱ्याच्या तोंडापासून १२.५ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीवर आणा. उगम लहान असेल तर अंतर निम्मे केल्यावर ध्वनीचा दाब दुप्पट होतो. अंतर एक अष्टमांश झाले, म्हणून दाब आठपट, ०.१६ पास्कल. डायनॅमिकमधून मिळाले ०.३२ मिलिव्होल्ट, मीटरभर दूर ठेवलेल्या कंडेन्सरइतकेच. पंखा मात्र जिथल्या तिथेच असल्याने त्याचा आवाज फारसा वाढला नाही. तो कंडेन्सरच्या एक अष्टमांशच राहिला. बोलणे तेवढेच आणि पंखा आठपट कमी. पण हा पराक्रम डायनॅमिकचा नसून अर्ध्या वितीचा आहे. कंडेन्सर तेवढाच जवळ नेला असता तरी हेच गुणोत्तर मिळाले असते.

घुमण्याचेही कारण तेच. आमच्या दिवाणखान्यात शहाबादी फरशी आणि सिमेंटच्या गिलाव्याच्या उघड्या भिंती. तोंडातून निघालेला ध्वनी माईककडे सरळ येतो आणि भिंतींवर आपटून पुनःपुन्हाही येतो. माईक दूर असला की सरळ येणारा ध्वनी क्षीण होतो, आपटून येणारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ साली सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ती तक्रार आली, तेव्हा त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि गाद्या वाढवत नेल्या की निनाद किती घटतो ते मोजले. आमच्या कोठीतल्या गाद्या आणि पोती हेच काम फुकटात करत होती. तुमच्या खोलीत एकदा टाळी वाजवा. टाळीमागे ‘झिंऽऽ’ असा शेपटा ऐकू आला तर माईकच्या आधी गोधड्या बाहेर काढा. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलले तरी फरक पडतो.

मग पहिला माईक कोणता? माझे मत सांगतो. गळ्याचा आवाज मुद्रित करायचा असेल आणि खोली साधी राहती असेल, तर हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा डायनॅमिक घ्यावा. तो पंखा कमी ओढतो म्हणून नव्हे, तर तो जवळचा वापर सोसतो म्हणून. तोंडाजवळ धरलेला, हातातून पडलेला, तबल्याच्या थापेला सामोरा गेलेला डायनॅमिक कुरकुर करत नाही. शुअर कंपनीचा ‘एसएम ५८’ १९६६ साली निघाला आणि अजूनही बनतो, हे उगाच नाही. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात कंडेन्सरच्या पडद्यावर ओल धरली की तो तडतडू लागतो. त्याला सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात जपावे लागते.

पण डायनॅमिकचा एक दोष आधीच माहीत असावा. त्याचा संकेत इवलासा, म्हणून तो पुष्कळ वर्धित करावा लागतो, आणि हलक्या प्रतीच्या वर्धकातून त्याबरोबर ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. आजी अगदी हळू बोलत असेल, किंवा सतारीची झंकार, झांजेची बारीक किणकिण टिपायची असेल आणि खोली खरोखर शांत असेल, तर हलक्या पडद्याचा कंडेन्सरच सरस.

हृदयाकृती म्हणजे काय तेही समजून घ्या. या माईकच्या पडद्याला मागूनही वाट ठेवलेली असते. मागून येणारा ध्वनी पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोचेल अशी ती वाट आखलेली असते, त्यामुळे पडदा हलतच नाही. आदर्श माईक समोरून येणारा दाब पूर्ण घेतो, बाजूने येणारा निम्मा आणि मागून येणारा शून्य. तेव्हा रस्त्याकडची खिडकी माईकच्या पाठीमागे येईल असे बसा. मी तर खिडकी माईकच्या पुढ्यात ठेवली होती!

फार जवळ गेल्यावर दोन अडचणी येतात. या जातीच्या माईकमध्ये खर्ज फुगतो, बारीक आवाजाचा मुलगाही खलनायकासारखा वाटू लागतो. दुसरी अडचण आपल्या भाषेची: प, फ, ब, भ. तळहात तोंडासमोर धरून ‘फणस’ म्हणा, हवेचा झोत जाणवेल. तो झोत पडद्यावर आदळला की ‘धप्प’ असा आवाज उमटतो. माईक ओठांच्या समोर न धरता थोडा कडेला, तोंडाकडे वळवून धरा. किंवा भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून मध्ये ठेवा.

जोडणीबद्दल थोडक्यात. यूएसबी माईक सरळ संगणकाला लागतो आणि सुरुवातीला पुरतो. तीन पिनांच्या माईकला मध्ये एक स्वतंत्र यंत्र लागते, पण पुढे दुसरा माईक जोडता येतो. दोन्ही सोयी असलेले डायनॅमिकही मिळतात. सगळे पैसे माईकवर मात्र उधळू नका. स्टँड, तार आणि कान झाकणारा हेडफोन यांवाचून तो निरुपयोगी आहे.

जात्यावर बसूनच ओव्या म्हटल्या जात असतील तर जात्याची घरघर हा गोंगाट म्हणायचा की गाण्याचा भाग? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. तिथे जाते गप्प करून चालले नसते. अशा वेळी माईक गाणारीकडे वळवा आणि तिच्यापासूनचे अंतर थोडे वाढवत जा, घरघर हवी तेवढी आली की थांबा.

आणि खरेदीपूर्वी हा प्रयोग करा. मोबाइल १२, २५, ५० आणि १०० सेंटिमीटरवर ठेवून, पंखा चालू असताना, प्रत्येक वेळी तेच वाक्य त्याच आवाजात बोला आणि आधी पाच सेकंद गप्प बसा. ऐकताना बोलण्याचा आवाज चारही वेळा सारखा येईल असे बटण फिरवा आणि त्या गप्प पाच सेकंदांत पंखा किती मोठा होत जातो ते वहीत नोंदवा. मग तोच प्रयोग गोधड्या टांगून आणि शेवटी पंखा बंद करून करा.