परसबागेतील बीट व त्याची विरळणी

परसबागेत लावलेल्या बीटास पाला भरघोस येतो, परंतु खाली गड्डा धरत नाही, ही तक्रार खेडोपाडी ऐकावयास मिळते. बियाणे खोटे निघाले, असा निष्कर्ष मग सहजच काढला जातो. बहुधा दोष बियाण्याचा नसून न केलेल्या विरळणीचा असतो.

बीटाचे म्हणून जे खडबडीत बी मिळते, ते सामान्यतः एक बी नसून अनेक बियांचा चिकटलेला झुपका होय. एका झुपक्यातून दोन ते पाच रोपे उगवतात. ती तशीच वाढू दिल्यास एकमेकांस रेटतात व एकाचाही गड्डा नीट पोसत नाही. यास्तव रोपे चार बोटे उंच होताच प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप राखावे. उपटताना शेजारच्या रोपाची मुळे हलतात. त्यापेक्षा बाकीची रोपे कात्रीने जमिनीलगत कापणे बरे. जोमाने वाढणारी हिरवी रोपे काढण्यास घरच्या मंडळींचा हात धजत नाही. बीट पालकाच्याच कुळातील असून या कोवळ्या रोपांची भाजी उत्तम होते, हे कार्यकर्त्यांनी गृहिणींस आवर्जून सांगावे. पुष्कळसे काम तेवढ्याने होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पेरणीस उत्तम काळ. क्रिमसन ग्लोब किंवा डेट्रॉइट डार्क रेड वाणाचे बी रात्रभर भिजवून, ओळींत 30 व रोपांत 10 सेंटिमीटर अंतर राखून, दोन सेंटिमीटर खोल टोकावे. भारी काळ्या जमिनीत वरंब्यावर लावावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. ताज्या खताने मुळास फाटे फुटतात. युरियाचा हात सैल सुटला, अथवा जागा झाडाच्या सावलीत असली, तर विरळणी करूनही पालाच माजतो.

पाण्याचा दीर्घ ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिल्यास गड्डे तडकतात. न्हाणीचे पाणी मात्र या वाफ्यात सोडू नये. बीट कोशिंबिरीत कच्चे खाल्ले जाते.

गड्डा कापल्यावर आत काळे, बुचासारखे डाग दिसल्यास तो बहुधा बोरॉनच्या उणिवेचा परिणाम समजावा. चुनखडीच्या जमिनीत ही उणीव विशेष आढळते. पुढील पेरणीपूर्वी चौरस मीटरास एक ग्रॅम टाकणखार मातीत सारखा मिसळावा. मात्रा वाढवू नये. त्याच वाफ्यात पुढे घेवडा लावल्यास त्यास जादा बोरॉन बाधते.

साधारण दोन ते अडीच महिन्यांत, गड्डे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे होताच काढावेत. पाने देठाचा दोन बोटे भाग ठेवून पिरगळावीत, म्हणजे शिजविताना रंग पाण्यात उतरत नाही.