रेसिड्युअल डुलतोय? डुलू दे

अगं, काल फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला झाला होता. "ताई, चार दिवस झाले, रेसिड्युअल खाली उतरतच नाही, नुसता डुलतोय." तेव्हाच ठरवलं, समीकरणांतली ही उरलेली तफावत का डुलते, ते निवांत लिहूनच सांगायचं.

चहा ढवळताना मधोमध खळगा पडतो ना? गिरकीमुळे तिथला दाब उतरलेला असतो. तुझ्या कम्बस्टरमध्येही तेच. स्वर्लरच्या पात्यांतून हवा गिरक्या घेत आत येते, पुढे रुंद जागेत गिरकी मंदावते, अक्षावरचा दाब पुन्हा चढतो आणि मधली हवा चक्क उलटी फिरून इंधनाच्या तोंडाशी येते. स्वर्ल नंबर साधारण ०.६ च्या वर गेला की हे घडतं. या गरम, उलट्या हवेनेच ज्योत धरून ठेवलेली असते, नाहीतर त्या वेगात ती केव्हाच विझली असती. म्हणजे तुझं सगळं मॉडेल उलट्या हवेच्या या एका बुडबुड्यावर उभं आहे.

मी सुरुवातीला साधं के-एप्सिलॉन टर्ब्युलन्स मॉडेल लावलं होतं, तेही ज्योत पेटवून. एका दुपारीत कन्व्हर्ज झालं, तापमानाची चित्रं देखणी आली. सरांनी एवढंच विचारलं, "ज्योतीविना थंड प्रवाह मोजमापांशी जुळला का?" जुळला नव्हता. ते मॉडेल टर्ब्युलन्सचा चिकटपणा सगळ्या दिशांना सारखा धरतं आणि प्रवाह वळतोय याची दखलच घेत नाही. माझा बुडबुडा मोजलेल्यापेक्षा कितीतरी आखूड निघाला. त्या दिवशी फार लागलं मनाला.

तू रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल घेतलंस, ते बरोबरच केलंस. आता ज्योत बंद कर. इनलेटला सपाट वेग देऊन मोकळी होऊ नकोस, पाती मेशमध्ये घे. आउटलेट आणखी लांब ने, बुडबुडा त्याला टेकता कामा नये. मग श्टुटगार्टच्या डीएलआरमध्ये प्रेचिन्स्टा बर्नरवर लेझरने मोजलेले वेग आहेत, त्यांच्याशी ताडून बघ. तुझी पद्धत कसाला लागेल.

आणि तू ज्या 'सिम्पल'वर रोज टिचकी मारतेस ना, ती रीत १९७२ मध्ये स्पाल्डिंग यांच्यासोबत मांडणारे सुहास पाटणकर आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. त्यांचं १९८० चं पुस्तक जेमतेम दोनशे पानांचं आहे. अंडर-रिलॅक्सेशनचा भाग तरी नीट वाच, मला त्या पुस्तकाने फार आधार दिलाय.

अंडर-रिलॅक्सेशनचे फॅक्टर उतरवूनही रेसिड्युअल डुलतच राहिला, तर त्याला दाबत बसू नकोस. मी तीन आठवडे दाबत बसले होते. त्या गिरकीतल्या भोवऱ्याचा गाभा स्वतःच अक्षाभोवती फेर धरतो, मग स्थिर उत्तर सापडणार कुठून? गणित अनस्टेडी कर, जमल्यास एलईएस. स्वर्लरच्या तोंडाजवळ, अक्षापासून जरा बाजूला, एक प्रोब ठेव आणि दाबाच्या नोंदीचं एफएफटी काढ. माझ्या आलेखात एकच शिखर आलं, सुईसारखं उभं, आणि प्रयोगातल्या शिखराशेजारी बसलं. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

आज रात्री प्रोब लावून रन सोड आणि झोप. आलेख आला की आधी मला पाठव, किती का वाजलेले असेनात.