भूगर्भाच्या तीन संज्ञा : मराठी आणि हिंदी

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. ‘घाट’ म्हटले की मराठी वाचकास सह्याद्रीतील चढण आठवते, काशीकरास नदीकाठच्या पायऱ्या. एका शब्दाने दोन प्रदेशांत दोन वस्तू दाखवाव्यात, यात नवल नाही. परंतु एकाच वस्तूसाठी दोन भगिनीभाषांनी भिन्न संस्कृत शब्द योजले, तर त्या शब्दांनी वस्तूविषयी काय गृहीत धरले हे पाहणे उद्बोधक ठरते. पृथ्वीच्या अंतर्भागातील थरांना मराठीत कवच, प्रावरण व गाभा, तर हिंदीत पर्पटी, प्रावार व क्रोड म्हणतात. प्रस्तुत लेखात या संज्ञांचा विचार करावयाचा आहे.

हे थर कोणी पाहिलेले नाहीत. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. रशियातील कोला येथील सर्वांत खोल छिद्र १२ किलोमीटरांच्या थोडे पुढे गेले. आपले ज्ञान मुख्यतः भूकंपतरंगांवर आधारलेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून या तरंगांचे प्रकार वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये गाभ्याचे अस्तित्व दाखविले. कवचाची खालची सीमा मोहोरोविचिच यांनी १९०९ मध्ये, तर आतला गाभा इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये निश्चित केला.

‘कवच’ म्हणजे चिलखत. ते बाहेरून चढविले जाते. भूकवच मात्र प्रावरणातील द्रव्य अंशतः वितळून, हलका भाग वर येऊन घडले. दख्खनचा बसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच वर आला. कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या सुमारास बसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. खंडीय कवचाची जाडी तर सरासरी ३५ किलोमीटरांच्या आसपास आहे. पृष्ठावर धरलेला पातळ पापुद्रा सुचविणारी ‘पर्पटी’ येथे अधिक यथार्थ वाटते.

‘प्रावरण’ व ‘प्रावार’ या दोहोंचा अर्थ पांघरूण. इंग्रजी ‘मँटल’चाही अर्थ तोच, आणि तिन्ही शब्द येथे सारखेच चुकवितात. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेला हा थर पृथ्वीच्या घनफळाचा सुमारे ८४ टक्के भाग व्यापतो. ते पांघरूण नव्हे, देहच होय. शिवाय पायाखाली उकळता लाव्हा आहे ही सार्वत्रिक समजूत खरी नाही. प्रावरण बहुतांशी घन आहे; मात्र ते वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने वाहते.

‘गाभा’ हा संस्कृत ‘गर्भ’ शब्दाचा मराठी वंशज. देवळाचा ‘गाभारा’ त्याच कुळातला. ‘क्रोड’ म्हणजे छाती, मांडी. संस्कृतात वराह असाही अर्थ आहे. मांडी बाहेरून आधार देते, गाभा आत असतो. म्हणून येथे मराठी शब्द सरस. तथापि झाडाचा गाभा झाडाच्याच द्रव्याचा असतो, पृथ्वीचा तसा नाही. तो मुख्यतः लोह व निकेल यांचा. पृथ्वीच्या बाल्यावस्थेत हे जड धातू खाली बसले. दुय्यम भूकंपतरंग द्रवातून जात नाहीत, आणि ते बाह्य गाभ्यातून जात नाहीत. म्हणून तो द्रव ठरला. सुमारे ५,१५० किलोमीटरांखालील आतला गाभा अधिक उष्ण असूनही प्रचंड दाबामुळे घन आहे.

या विवेचनाचा उद्देश रूढ संज्ञा बदलाव्यात असा नाही. पाठ्यपुस्तककाराने व अनुवादकाने संज्ञा देताना तिच्यातील रूपक कोठवर खरे आहे, हेही सांगावे. अन्यथा विद्यार्थी शब्द पाठ करतो आणि वस्तू चुकीची कल्पितो. दोन भाषांच्या संज्ञा शेजारी ठेवल्या की एकीची उणीव दुसरीमुळे दिसते. जेथे दोन्ही एकच चूक करतात, तेथे मात्र वस्तूकडेच वळावे लागते.