बारा महिने एकच फलक नको : खानावळीसाठी ऋतूप्रमाणे ताट



आपल्या प्रभागात बरेच गट आता पापड-लोणच्याच्या पुढे जाऊन खानावळ, मेस, नाश्ता सेंटर किंवा कार्यक्रमाच्या जेवणाची ऑर्डर असे व्यवसाय करू लागले आहेत. स्वयंपाक येतो का, हा प्रश्न आपल्याला कुणी विचारायचं कारण नाही. पण घरी रांधणं वेगळं आणि रोज तीस ताटं विकून बँकेचा हप्ता भरणं वेगळं. म्हणून या पाठात तीन गोष्टी शिकू. कोणत्या महिन्यात काय रांधावं, ते कसं वाढावं आणि त्याची किंमत कशी काढावी.

आपलं गिऱ्हाईक कोण?

वडनेर भोलजी हे महामार्गावरचं गाव. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. सुरतेकडून नागपूर-कोलकात्याकडे जाणारे ट्रक इथूनच जातात. खानदेशातून शेगावला संत गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्याही मलकापूर, वडनेर, नांदुरा याच वाटेने येतात. नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमानाची मूर्ती पाहायला गाड्या थांबतात. शिवाय गावातले शिक्षक, बँकेची माणसं, बाजाराच्या दिवशी येणारे शेतकरी आहेतच.

आता विचार करा. रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर पनीर, दाल तडका आणि तंदुरी रोटी मिळते. तेच आपणही केलं, तर त्यांचा मोठा तवा, मोठी जागा आणि स्वस्तात घेतलेला माल यांच्यापुढे आपण टिकायचं कसं? त्यांच्याकडे नसलेलं आपल्याकडे काय आहे, ते पाहायला पाहिजे. चुलीवरची भाकर, सोल्याची आमटी, भरीत, अंबाडीची भाजी, हे ते.

शेगावची कचोरी बघा. रेल्वे स्टेशनावर विकता विकता तिचं नाव सगळीकडे झालं. एक पदार्थ, तीच चव, रोज. लोक गाडी थांबली की ती मागतात. आपल्या खानावळीचाही प्रत्येक ऋतूत असा एक पदार्थ ठरलेला असावा, की लोकांनी म्हणावं, "थंडीत वडनेरला भरीत खायचं."

ऋतूप्रमाणे रांधलं तर फायदा काय?

पहिला फायदा पैशाचा. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला होता, काही ठिकाणी दोनशेपर्यंत. ज्यांच्या प्रत्येक भाजीत टोमॅटोची ग्रेव्ही होती, त्यांना ताटाचा भाव वाढवावा लागला किंवा पदरचे पैसे घालावे लागले. त्याच दिवसांत आंबटपणासाठी चिंच, ताक, अंबाडी वापरणाऱ्या बाईला तेवढा फटका बसला नाही. जी भाजी ज्या महिन्यात शेतात भरपूर असते, तेव्हाच ती स्वस्त असते आणि चवीलाही चांगली असते.

दुसरा फायदा असा, की माल आपल्याच गटातल्या बायकांच्या शेतातून घेता येतो. पैसा गावात राहतो.

तिसरा फायदा गिऱ्हाइकाचा. रोज येणारा माणूस एकाच चवीला कंटाळतो. दर दोन-तीन महिन्यांनी ताट बदललं, की तो विचारतो, "आता काय नवीन?"

पावसाळा : आषाढ ते भाद्रपद

पावसात भाजीपाला महाग असतो आणि लवकर सडतो. म्हणून या दिवसांत डाळी, बेसन आणि रानभाज्या यांच्यावर भर द्यावा. झुणका-भाकर, पाटोडीचा रस्सा, शेंगोळे, मुगाची उसळ, कढी-खिचडी. संध्याकाळी कांदाभजी आणि चहा.

रानभाज्यांत तरोटा, केना, घोळ, करटुली या आपल्या ओळखीच्या. शहरातून आलेली माणसं या मुद्दाम मागतात. पण दोन गोष्टी पक्क्या ठेवा. वर्षानुवर्षे ती भाजी खुडणाऱ्या बाईनेच ती आणायची, कारण सारखी दिसणारी दुसरी झाडं असतात. आणि कपाशी-सोयाबीनवर फवारणी झालेल्या धुऱ्यावरची भाजी घ्यायची नाही, कितीही कोवळी असली तरी.

श्रावणात आणि एकादशीला उपवासाचं ताट ठेवा. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची उसळ, राजगिऱ्याचं थालीपीठ, ताक. उपवासाच्या पदार्थांची भांडी आणि तेल वेगळं ठेवा आणि तसं फलकावर लिहा. लोक त्यासाठीच थांबतात.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी ऋषिपंचमीलाच समाधी घेतली. महाराजांच्या नैवेद्यात पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यात हेच ताट करा. दर्शनाला जाणाऱ्याला ते गोड लागेल आणि आपल्याला खर्चही कमी येईल.

हिवाळा : कार्तिक ते माघ

हे आपल्या कमाईचे दिवस. वांगी, मेथी, पालक, हिरवा लसूण, कांद्याची पात, मुळा, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, सगळं भरपूर. भरीत आणि कळण्याची भाकर हे मुख्य ताट ठेवा. कळण्यासाठी चार वाटे ज्वारीला एक वाटा सालीचे उडीद घेऊन मीठ टाकून दळतात. भरताची वांगी काट्याकुट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजली तर धुराचा वास लागतो, गॅसवर ती चव येत नाही.

तुरीच्या शेंगा भरल्या की सोल्याची आमटी. सोले सोलायला वेळ लागतो, म्हणून ती रोज करू नका. आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि फलकावर लिहा. मजुरी जास्त लागते, तर त्या दिवशीच्या ताटाचा भाव दहा रुपये जास्त ठेवायला लाजू नका.

भोगीला बाजरीची भाकर आणि मिसळीची भाजी. हुरडा निघाला की रविवारी हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि ताक. रोडगे किंवा वरण-बट्टी ऑर्डरवर करा, कारण त्याला जागा आणि हात दोन्ही जास्त लागतात.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. तेव्हापासून शहरातल्या हॉटेलातही ज्वारी-बाजरीला मान आला. आपल्याकडे मात्र कपाशी आणि सोयाबीनमुळे ज्वारीचा पेरा कमी झाला आहे. म्हणून ज्वारी निघते तेव्हाच वर्षाचा अंदाज घेऊन ती गटातूनच घेऊन ठेवा.

उन्हाळा : फाल्गुन ते ज्येष्ठ

आपल्याकडचं ऊन सांगायला नको. दुपारी जड जेवण जात नाही. ताट हलकं ठेवा. वरण-भात, कढी, कैरीची चटणी, कांदा, सांडग्याची भाजी, मठ्ठा. पन्हं आणि ताक माठात ठेवून ग्लासावर विका. ट्रकवाला जेवला नाही तरी दोन ग्लास ताक पिऊन जातो. पण त्यात बर्फ टाकायचा असेल तर तो खाण्याच्या पाण्याचाच पाहिजे. मासे, भाजी थंड ठेवायचा बर्फ पोटात जाता कामा नये.

आंबा आला की आमरस, कुरडई, पोळी. आमरस दुपारचा दुपारीच संपवा.

उन्हाळा हा साठवणीचाही महिना. कुरडया, पापड, बिबड्या, शेवया, सांडगे, लाल मिरची, चिंच, हळद, नवी तूर डाळ हे सगळं मार्च ते मे मध्ये करून किंवा घेऊन ठेवलं, तर पावसाळ्यात हात अडत नाही. यासाठी ग्रामसंघाकडून थोडं कर्ज घेतलं तरी चालतं, पण आधी हिशोब मांडा.

वाढायचं कसं?

आपली जुनी रीत चांगली आहे. मीठ-लिंबू वर मध्यभागी, चटणी-ठेचा-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात आणि भाकर खाली. तीच खानावळीत पाळा. ताट भरलेलं दिसतं आणि खाणाऱ्याला हात सरळ जातो.

काही नियम लिहून भिंतीला लावा :

• प्रत्येक पदार्थाला एक पळी ठरवा. भाजीची पळी वेगळी, वरणाची वेगळी. आज सरला वाढते, उद्या कमल वाढते, पण ताट तेच पाहिजे.
• भाकर गरम आणि एकेक वाढा. आधी दोन ठेवल्या की दुसरी गार होते आणि टाकली जाते.
• कढी, आमटी, चिंचेचं सार स्टीलच्या भांड्यात ठेवा. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवू नये.
• पार्सल आणि कार्यक्रमासाठी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. पत्रावळी लावणं हे दुसऱ्या गटाचं कामही होऊ शकतं.
• शिजलेलं अन्न गरम असेल तर वाफाळतं गरम ठेवा. कोमट अन्नात जंतू वाढतात. दोन तासांपेक्षा जास्त कोमट राहिलेला भात आणि डाळ विकायची नाही.
• एकाच्या ताटातलं उरलेलं दुसऱ्याला कधीच नाही.

अन्न विकायचं तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी लागते. लहान व्यवसायालाही. नोंदणीचा क्रमांक फलकावर दिसला पाहिजे.

चोविसावं ताट : हिशोब शिका

खाली भरताच्या ३० ताटांचा नमुना हिशोब दिला आहे. भाव उदाहरणापुरते आहेत. आपल्या बाजाराचे भाव टाकून पुन्हा मांडा.

वांगी ६ किलो – १८० रुपये
ज्वारीचं पीठ ५ किलो – २२५
तूर डाळ १ किलो – १४०
तांदूळ २ किलो – १००
तेल १ लिटर – १५०
मिरची, लसूण, पात, शेंगदाणे, मसाला – २००
कांदा, मुळा, लिंबू – ८०
गॅस व सरपण – १२५
माल व जळण – १,२०० रुपये

तीन बायकांची मजुरी, प्रत्येकी ३०० – ९००
भाडं, वीज, पाणी, भांडी – ३००
नासधूस – १५०
एकूण – २,५५० रुपये

३० ताटांनी भागलं तर एका ताटाला ८५ रुपये खर्च आला. समजा आपण ११० ला विकलं. तीसही ताटं गेली तर ७५० रुपये उरतात. पण तीस रोज जातातच असं नाही. २३ गेली तर २,५३० आले, म्हणजे वीस रुपये तोटा. चोविसाव्या ताटाला खर्च निघतो. आता कर्जाचा हप्ता महिना ९,००० असेल आणि २५ दिवस खानावळ चालत असेल, तर रोज ३६० रुपये हप्त्याचे हवेत. ते सत्ताविसाव्या ताटाला निघतात. त्यापुढचा नफा गटाचा.

म्हणून रोज संध्याकाळी वहीत एकच आकडा मोठा लिहा : आज किती ताटं गेली? आठवडाभर २४ च्या खाली राहिली, तर पुढच्या आठवड्यात माल कमी भरा किंवा ताट बदला. महिना संपायची वाट पाहू नका.

आणि बायकांनो, मजुरीची ओळ खोडू नका. "आपल्याच घरचं काम" म्हणून पुष्कळ गट मजुरी धरतच नाहीत. मग नफा दिसतो, पण खरं तर तीन बायका फुकट राबलेल्या असतात. एक आजारी पडली आणि मजूर लावावा लागला, की तो नफा नाहीसा होतो.

केरळातल्या कुटुंबश्री भगिनींचा अनुभवही लक्षात ठेवा. २०२० मध्ये तिथे त्यांच्या जनकीय हॉटेलांतून २० रुपयांत जेवण मिळू लागलं. सरकार ताटामागे १० रुपये अनुदान देत होतं. २०२३ मध्ये ते अनुदान थांबलं आणि ताटाचा भाव ३० करावा लागला. अनुदान मिळालं तर जरूर घ्यावं. पण ताटाची किंमत ते नसतानाही उभी राहील अशीच काढावी.

पुढच्या बैठकीसाठी काम

१. एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येकापुढे आपल्या गावात त्या महिन्यात शेतात काय निघतं ते लिहा. वयस्कर बायांना आधी विचारा.
२. प्रत्येक ऋतूसाठी एक मुख्य ताट आणि एक खास पदार्थ ठरवा. फलकावर पाचपेक्षा जास्त पदार्थ नकोत.
३. एक ताट प्रत्यक्ष रांधून, प्रत्येक वस्तू वजन करून हिशोब मांडा. आपलं "चोविसावं ताट" कितवं आहे ते काढा.
४. तो आकडा गटाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

ज्या गटांची खानावळ अजून सुरू नाही, त्यांनीही हे करून पाहावं. हप्ता डोक्यावर येण्याआधी कागदावर तोटा झाला, तर तो फुकटात शिकायला मिळतो.