टीबीची गोळी जंतूत नेमकी कुठे बसते?

शीव कोळीवाडा, प्रतीक्षा नगर, धारावी या पट्ट्यात आरोग्यावर बोलायला बसलो की एक प्रश्न ठरलेला असतो. ताप गेला, खोकला थांबला, वजनही वाढले. मग अजून चार महिने गोळ्या कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून खा’ हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. घरात औषध घेणाऱ्याला कारण कळलेच पाहिजे, आणि ते कारण जंतूच्या एका प्रथिनाच्या आकारात आहे.

टीबीचा जंतू जगण्यासाठी सतत प्रथिने बनवत असतो. ती कशी बनवायची हे त्याच्या डीएनएमध्ये लिहिलेले असते. त्या लिखाणाची नक्कल काढणारे एक मोठे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्याकडे असते. त्याचे नाव आरएनए पॉलिमरेज. नक्कल निघाली नाही तर प्रथिन नाही, आणि प्रथिन नाही तर जंतू मेला. ज्या औषधाने लघवी नारिंगी होते ते रिफाम्पिसिन याच विकराला धरते.

कसे धरते, हे 2001 साली दिसले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलिझाबेथ कॅम्पबेल, सेथ डार्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराचे स्फटिक बनवले, त्यावर क्ष-किरण सोडले आणि किरण कसे विखुरतात यावरून एकेका अणूची जागा काढली. विकर टीबीच्या जंतूचे नव्हते, उष्ण झऱ्यात राहणाऱ्या एका जंतूचे होते. पण औषध जिथे बसते तो भाग दोघांत जवळजवळ सारखाच. नक्कल ज्या बोळातून पुढे सरकते त्या बोळाच्या भिंतीत एक खोबण आहे. रिफाम्पिसिन त्या खोबणीत बसते आणि वाट अडवते. दोन-तीन अक्षरे लिहून झाली की नक्कल तिथेच अडकते. आपल्या अरुंद गल्लीत मधोमध हातगाडी लावली की पुढे कोणाला सरकता येत नाही, तसे.

विकराचा हा भाग अकराशेहून जास्त अमिनो आम्लांची माळ आहे. खोबणीत एका जागी सेरीन नावाचा लहान मणी असतो. त्या जागी ल्युसीन नावाचा मोठा मणी आला, की गोळी खोबणीत बसत नाही. एवढ्या लांब माळेतला एकच मणी! विकराचे काम मात्र चालू राहते आणि रिफाम्पिसिन निरुपयोगी होते.

हा बदल गोळीमुळे घडत नाही, हे नीट समजून घ्यावे. जंतू वाढताना लिहिण्यात चुका होतातच. ढोबळमानाने दहा कोटी जंतूंत एखादा रिफाम्पिसिनला दाद न देणारा असतो, आयसोनियाझिडला दहा लाखांत एखादा. फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिथे जंतू कोट्यवधी असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि तो एखादा मोकळ्या रानात वाढतो. दोन्ही चुका एकाच जंतूत असणे मात्र जवळजवळ अशक्य. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे एकत्र आणि पुढचे चार महिने तीन. बरे वाटू लागते तेव्हा बहुतेक जंतू मेलेले असतात, पण काही सुस्त पडून राहिलेले असतात. उरलेले महिने त्यांच्यासाठी. पोटात जळजळ होते म्हणून एखादेच औषध गाळणे हे तर फार घातक. त्रास झाला तर दवाखान्यात सांगा, स्वतः निवड करू नका.

दोष मात्र दर वेळी ‘अडाणी’ रुग्णावर ढकलला जातो, ते आम्हाला मान्य नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईतल्या 106 खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी 63 प्रकारचे उपचार लिहून दिले. बरोबर होते फक्त 6 जणांचे.

म्हणून गोळ्या सुरू होण्याआधीच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मागा. सरकारी यंत्रणेत ती मोफत आहे. खोबणीची कृती ज्या 81 अक्षरांत लिहिलेली असते, नेमका तोच तुकडा सीबीनॅट तपासते आणि साधारण दोन तासांत उत्तर देते. ट्रूनॅटचे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. बेडका छातीतून खोल खोकून काढलेला हवा, लाळ चालत नाही. आयसोनियाझिडचे उत्तर या तपासणीत मिळत नाही, त्यासाठी एलपीए ही वेगळी तपासणी विचारा.

खोबण बदललेली निघाली तर दुसरी औषधे लागतात. पूर्वी त्यात कॅनामायसिनची इंजेक्शने असत. हे औषध जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने जोडणाऱ्या कारखान्यावर बसते. अडचण अशी, की आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांचे रायबोसोम जंतूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात आणि कानातल्या नाजूक पेशी त्यात मरतात. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशीच टीबीच्या उपचारात गेली. बेडाक्विलिन हे गोळीचे औषध जंतूचे ऊर्जा बनवणारे विकर, एटीपी सिंथेज, अडवते. त्यावरची मक्तेदारी 2027 पर्यंत लांबवू पाहणाऱ्या कंपनीच्या पेटंट अर्जाला नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. 2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा, इंजेक्शन नसलेला उपचार मंजूर केला.

जाता जाता भगिनींसाठी: रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्यावा. आणि निक्षयमध्ये नोंद झाली का ते पाहावे. पोषणासाठी महिना 1000 रुपये त्याच नोंदीवर खात्यात येतात.