मंगळावर अडलेला अग्रक्रम



संगणकाचे उत्तर चुकले तर ते कळते. पण उत्तर बरोबर असूनही उशिरा आले तर? मोटारीतली हवेची पिशवी धडकेनंतर दोन सेकंदांनी फुगली, तर तिचा काय उपयोग? ठरल्या वेळेत काम झालेच पाहिजे अशा संगणकप्रणालींना 'रिअल टाइम' प्रणाली म्हणतात. या क्षेत्रातले एक नामवंत संशोधक म्हणजे लुई शा. त्यांचे एक काम आम्ही या पाठासाठी निवडले आहे, कारण ते समजायला संगणक लागत नाही.

शाळेचेच उदाहरण घेऊ. कार्यालयात शिपाईकाका एकच, आणि ते एका वेळी एकच काम करतात. मुख्याध्यापकांचे काम आधी, मग शिक्षकांचे, शेवटी विद्यार्थ्यांचे. वरच्याचे काम आले की खालच्याचे अर्धवट ठेवायचे. काका एका विद्यार्थ्यासाठी नोंदवहीतून उतारा काढत आहेत. वही एकच आहे आणि उतारा पुरा होईपर्यंत ती दुसऱ्या कामाला मिळत नाही. उताऱ्याची 3 मिनिटे उरली असताना मुख्याध्यापकांना तीच वही हवी झाली. हरकत नाही, 3 मिनिटे थांबू. एवढ्यात शिक्षकांची चार कामे आली, प्रत्येकी 10 मिनिटांची. त्यांना वही नकोच आहे, पण नियमाने ती उताऱ्याच्या आधी करायची. म्हणजे मुख्याध्यापक 43 मिनिटे बसून! कोणी आळस केला नाही, कोणी नियम मोडला नाही, तरी सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत मागे पडले. याला 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन', म्हणजे अग्रक्रमाची उलटापालट म्हणतात. काकांनी भरभर हात चालवला तरी हा दोष जात नाही. शिक्षकांचे पाचवे काम आले की पुन्हा तेच.

लुई शा, राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की या तिघांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर उपाय मांडला. यांतले राजकुमार मद्रास विद्यापीठाचे पदवीधर, तर लेहोत्स्की संख्याशास्त्राचे प्राध्यापक. उपाय असा: मुख्याध्यापक ज्या वहीसाठी थांबले आहेत ती ज्या कामात अडकली आहे, ते काम तेवढ्यापुरते मुख्याध्यापकांचेच समजायचे. मग शिक्षकांची कामे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. 3 मिनिटांत वही सुटते आणि विद्यार्थ्याचे काम पुन्हा आपल्या मूळ जागी जाते. यालाच 'प्रायॉरिटी इनहेरिटन्स', अग्रक्रमाचा वारसा, असे नाव आहे. अमुक कामाला जास्तीत जास्त किती थांबावे लागेल हे आधीच हिशेबाने सांगता येणे, हे या संशोधनाचे खरे बळ आहे.

सात वर्षांनी त्याची कसोटी लागली, तीही मंगळावर. 4 जुलै 1997 रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान तेथे उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. जमा झालेली माहिती शाबूत राहत असे, पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. दुरुस्तीला तेथे कोण जाणार? संदेश पोहोचायलाच सुमारे 10 मिनिटे लागत.

अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर तो बिघाड मुद्दाम घडवून पाहिला आणि कारण हाती आले. यानातली माहितीची देवाणघेवाण सेकंदाला 8 वेळा होई. ते वरच्या अग्रक्रमाचे काम. हवामानाच्या नोंदींचे काम खालचे. दोघांना एकच कुलूप लागे. हवामानाचे काम कुलूप धरून असताना मधल्या अग्रक्रमाची कामे घुसत आणि वरचे काम अडे. ते वेळेत झाले नाही असे दिसताच यानाचा पहारेकरी प्रोग्राम सगळेच बंद करून नव्याने सुरू करी. आपल्या कार्यालयातलीच गोष्ट!

गंमत म्हणजे यानातल्या 'व्हीएक्सवर्क्स' या कार्यप्रणालीत वारशाची सोय होतीच, फक्त त्या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून छोटासा बदल पाठवून ती चालू केली आणि तो त्रास थांबला. यानाच्या स्थिर भागासाठी 30 दिवसांचे काम आखले होते. सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत त्याच्याकडून संदेश येत राहिले. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा बिघाड क्वचित दिसला होता, पण पुन्हा घडवता आला नव्हता. असे अधूनमधून दिसणारे दोष सर्वांत चिवट असतात, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलांना आम्ही वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका परिषदेत ही हकिकत सांगितली गेली, तेव्हा निबंधाचे तिन्ही लेखक त्याच सभागृहात बसलेले होते! पुढे 2006 साली ही सोय लिनक्समध्येही आली.

आता एक प्रश्न. वह्या दोन आहेत. विद्यार्थ्याच्या कामाने पहिली धरली आहे आणि त्याला दुसरी हवी आहे. मुख्याध्यापकांच्या कामाने दुसरी धरली आहे आणि त्याला पहिली हवी आहे. येथे वारसा देऊन सुटका होईल का? याच निबंधात आणखी एक नियम आहे: वही मोकळी असली तरी देण्यापूर्वी, इतरांनी धरलेल्या वह्या पुढे कोणाकोणाला लागणार आहेत हे पाहायचे. आकृती काढून हा नियम लावून पाहा आणि पुढच्या तासाला फळ्यावर मांडा.